झापोंकाकांचा पणजा

आमचे झापोंकाका रागावले की ओरडत नसत. असतील तिथे थांबायचे, उजवा पाय एक पाऊल पुढे टाकायचे, मान सावकाश गोल फिरवून एका झटक्यात थांबवायचे आणि मग एक डोळा समोर ठेवून दुसरा नाकाकडे वळवायचे. त्याच वेळी पायाचा अंगठा ताठ वर. अशा अवस्थेत ते श्वास रोखून उभे राहत आणि समोरचा पुरता गोंधळून जाईपर्यंत हलत नसत.

एकदा मॉरिशसच्या उत्तरेला, काकांच्या प्लेन दे पपाय गावच्या थांब्यावर बस न थांबताच गुडलँड्सच्या दिशेने निघून गेली. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर आला तेव्हा काका थांब्यावर आधीपासूनच अंगठा वर करून उभे. ड्रायव्हरने घाबरून बस थांबवली, खाली उतरला आणि म्हाताऱ्याला झटका वगैरे आला की काय म्हणून दंडाला धरून हलवू लागला. काकांनी डोळा जागेवर आणला आणि म्हणाले, "काय नाय झालं मला. तुला बस थांबवता येती का, त्येवडं बगत व्हतो." आणि खिडकीजवळची जागा धरून बसले.

हे माझे सख्खे काका आहेत, ही गोष्ट मी वर पठारावरच्या व्हाकोआत कुणाला आपण होऊन सांगत नसे. मी तिकडे शाळेत शिकवायचो. टाय लावायचो, छत्री बाळगायचो आणि व्हाकोआच्या गारठ्यामुळे अंगात कायम स्वेटर असायचा. तोच स्वेटर घालून मी उत्तरेला काकांकडे जायचो, कारण घामाने निथळलो तरी चालेल पण आपण वरच्या गावात राहतो हे दिसलं पाहिजे, असं मला तेव्हा वाटत असे. भारतातून आलेल्या एका मास्तरांकडे मी शुद्ध मराठीही शिकलो होतो. काकांचं मराठी बोटीतून आलेलं, माझं पुस्तकातून. मी 'आपण बसावं' म्हटलं की काका मागे वळून बघायचे, आणखी कोण आलंय म्हणून.

काकांचं खरं नाव गोविंद. 'झापों' म्हणजे आमच्या क्रेओल बोलीत जपान. हे नाव त्यांना चित्रांमुळे पडलं, आणि चित्रं आली ती मुळ्यांमुळे.

काकांची भाजीची शेती होती. सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला पोर्ट लुईच्या बंदरात जपानी मच्छीमार बोटी लागत, आणि काका वांगी, दुधी, मुळे घेऊन त्या बोटींवर जात. तिथल्या एका जपानी स्वयंपाक्याला काकांचे मुळे इतके आवडले की तो ते धुऊन तिथल्या तिथे कच्चेच खायचा. दोघांना एकमेकांची भाषा औषधालाही येत नव्हती. तरी काका बोटीवरून दोन-दोन तास खाली उतरत नसत. मुळा कसा लावायचा आणि किती खोल लावायचा, हे सगळं ते त्याला हातांनी सांगत. बोट निघायच्या दिवशी स्वयंपाक्याने काकांच्या रिकाम्या करंडीत कागदांची एक गुंडाळी ठेवली.

ती लाकडी ठशांनी छापलेली चित्रं होती. पातळ कागद, इतका की रंग पाठीमागूनही दिसे. आकाशाच्या निळ्या रंगात लाकडाच्या रेषासुद्धा उमटलेल्या. आणि प्रत्येक चित्रात एक-एक जबरदस्त माणूस. कपाळापासून टाळूपर्यंत हजामत केलेली, मागे बांधलेली शेंडी, कमरेला दोन तलवारी, बाह्या एवढ्या मोठ्या की एकेकीत आमच्या शाळेचा एक-एक मुलगा मावावा. कुणाच्या गालांवर तांबडे पट्टे, कुणाची हनुवटी दाढी केल्यासारखी निळसर. आणि सगळे वाकड्या डोळ्यांनी कुठेतरी रोखून बघत असलेले. हे कोण, असं काकांनी खुणेने विचारलं तेव्हा त्या स्वयंपाक्याने हातातला कालथा बाजूला ठेवला आणि माशांच्या टोपल्यांमध्ये उभं राहून, मान फिरवून, डोळा वळवून, अंगठा वर करून दाखवला. काका घरी आले ते तसेच करत आले. तेव्हापासून त्यांचा राग ओरडण्यातून निघून अंगठ्यात शिरला.

इथवर सगळं ठीक होतं. माणसं घरात बोटीची, धबधब्याची, इंग्लंडच्या राणीचीसुद्धा चित्रं लावतात. पण काकांनी त्यातलं सगळ्यात रागीट चित्र काच घालून बैठकीच्या खोलीत टांगलं, त्याला हार घातला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, "ह्यो माजा पणजा."

काकांचा पणजा म्हणजे माझा खापरपणजा. कोकणातून ऊस तोडायला बोटीने आलेला आमचा पहिला माणूस. म्हणजे हिशेबाने मीही त्या जपान्याचा वंशज ठरत होतो, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

मी पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा समजावून सांगितलं, "काका, हा जपानी आहे."

"शेंडी बग," काका म्हणाले. "मधी केस काडल्यात का नाय? कमरंला तलवार हाय का नाय? मराठा गडीच त्यो."

"पण डोळे बघा ना त्याचे."

"तुजं डोळं आरशात बग. सा मेम."

'सा मेम' म्हणजे 'तेच तर'. काकांचा हा शेवटचा शब्द. तो उच्चारला की विषय संपला असं धरायचं, कारण यापुढे ते फक्त अंगठ्याने बोलणार असत. घरी आल्यावर मी खरोखर आरसा घेतला. माझी बायको स्वयंपाकघरातून बघत होती. म्हणाली, "नाक तर त्यांच्यावरच गेलंय." लग्नाला सात वर्षं झाल्यावर बायका असल्या संधी सोडत नाहीत.

काकांच्या घरात त्या पणज्याचा मान मोठा होता. सकाळी पहिला चहा त्याला दाखवायचा, मग बाकीच्यांनी प्यायचा. सुमित्राकाकी बिचारी तो व्हॅनिलाचा चहा गाळून कप घेऊन त्या तलवारवाल्यापुढे उभी राहायची आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करायची. तिने मला एकदा सांगितलं, "माज्या सासऱ्याला मी एवढं पाजलं नाय तेवढं ह्याला पाजलं." पितरांच्या दिवशी तर त्याच्यापुढे पान वाढलं जाई, खीर-वड्यांसकट. गावातली पोरं खिडकीतून बघत, आणि काका त्यांना आत बोलावून प्रत्येकाच्या हातावर वडा ठेवत आणि सांगत, "पयला अंगठा बगा. त्वांड कुनी पन वाकडं करील. मानूस खरा का खोटा त्ये अंगठ्यावर कळतं."

हा अंगठा मला चांगलाच महागात पडला. एका गणपतीत आम्ही व्हाकोआच्या मंडळींनी ऐतिहासिक नाटक बसवलं. मी सरदार. आता मराठा सरदार कसा उभा राहायचा, हे मॉरिशसमध्ये आम्हाला सांगणार कोण? कॅलेंडरवरचं एक चित्र होतं, त्यात सरदार घोड्यावर होता, आणि आमच्याकडे घोडा नव्हता. काका तालमीला आले आणि त्यांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. मी नको नको म्हणत होतो, पण मनातून मला ते फार आवडलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. प्रयोगाच्या दिवशी शत्रूचा निरोप्या आला, मी मान फिरवली, झटक्यात थांबवली, डोळा नाकाकडे नेला, आणि तो तिथेच राहिला. परत येईना. पुढचा सगळा प्रवेश मला दोन निरोपे दिसत होते. मी खलिता चुकीच्या निरोप्याच्या हातात दिला, आणि जाताना दरवाजा समजून पुठ्ठ्याच्या बुरुजातून बाहेर पडलो. किल्ला शत्रूआधी मीच पाडला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते, आणि पहिल्या रांगेत काका एकटेच गंभीर चेहऱ्याने मान डोलावत होते. नंतर म्हणाले, "डोळा चुकला. पन अंगठा कोरेक व्हता." कोरेक म्हणजे अगदी बरोबर.

पुढे एका वाचनालयात मला जपानी रंगभूमीवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्यात अगदी आमच्या खापरपणज्यासारखी चित्रं. मला जो आनंद झाला तो काय सांगू. मी स्वेटर चढवला, दोन बसगाड्या बदलून प्लेन दे पपाय गाठलं आणि काकांना समोर बसवून एक तास व्याख्यान दिलं. ही काबुकी नावाच्या नाटकातली दृश्यं आहेत, हे नट आहेत, ते सामुराई योद्ध्यांच्या गोष्टी करून दाखवतात, ऐन प्रसंगी असे थबकून उभे राहतात, मग लोक ओरडून दाद देतात, आणि त्यांची चित्रं लोक हौसेने विकत घेतात. म्हणजे तुम्ही रोज सकाळी ज्याला चहा दाखवता तो एक नट आहे.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घाम पूस. आनी त्यो स्वेटर काड आधी." एवढंच. मी समजलो, अज्ञानाचं भिंताड आहे, ज्ञानाने फुटायचं नाही.

मग वत्सलेच्या लग्नाची वेळ आली.

वत्सला काकांची एकुलती एक मुलगी. चित्रं घरात आली तेव्हा पाचेक वर्षांची होती, आता विशी ओलांडली होती आणि गुडलँड्सच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणाचं काम करत होती. मी तिच्यासाठी स्थळ आणलं, आणि आणलं ते थेट व्हाकोआचं. माझ्याच शाळेत नव्याने लागलेला अनिल. मुलगा गरीब स्वभावाचा, गणपतीच्या दिवसांत वत्सलेला पाहिल्यापासून माझ्याशी उगीचच फार आदराने वागू लागलेला. वत्सलेलाही तो पसंत होता. ते तिने सांगितलं नाही, पण तो येणार म्हटल्यावर तिने पडदे नवे शिवले. अडचण एकच होती, त्याचे वडील. मिस्ये, म्हणजे श्रीयुत, भिवाजी सरकारी कचेरीतले बडे कारकून, निवृत्त. घरातसुद्धा बूट घालणारे. बोलायचे ते फ्रेंचमध्ये, रागवायचे इंग्रजीत, आणि मराठी त्यांना येतं की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. ही सोयरीक जुळली तर व्हाकोआत माझी मान उंच होणार होती, आणि मोडली तर रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीत अनिलच्या समोर बसायचं होतं. पण खरा प्रश्न वत्सलेचा होता. तिने याआधी दोन स्थळं न बघताच नाकारली होती, आणि या खेपेला पडदे शिवले होते.

काकीने मला बाजूला घेतलं. "त्या मानसांनी भितीवर ह्यो राक्षस बगितला की ती उंबऱ्यातनंच परत जातील. तू तेवडा काकाला सांग."

मी काकांना सांगितलं. दोन मिनिटांचं काम म्हणून गेलो होतो, आणि अंगठ्याची तयारी ठेवून गेलो होतो. पण काका थबकले नाहीत की मान फिरवली नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरीचं हुतंय का चांगलं त्याच्यानं?" मी म्हटलं, होतंय. "मंग काडतो."

बघायला यायच्या दिवशी सकाळी त्यांनी आपल्या हाताने चित्र उतरवलं आणि आतल्या खोलीत गादीखाली ठेवलं. मला तर लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

मंडळी आली. मिस्ये भिवाजी टायमध्ये, मीही टायमध्ये. मधे काका सदरा-लेंग्यात अनवाणी. वत्सलेने चहा आणला, काकीने गातो पिमां, म्हणजे आमच्याकडची डाळीची तिखट भजी. अनिलने घाबरून एका दमात चार खाल्ली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी फ्रेंचमध्ये हवामानावर बोललो. सगळं रीतीला धरून चाललं होतं. आणि मग मादाम भिवाजींची नजर भिंतीवर गेली.

चित्र काढलं होतं, पण पंधराएक वर्षांच्या धुराने भिंत काळवंडली होती आणि चित्रामागचा चौकोन तेवढा पांढराशुभ्र राहिला होता. आणि काकीने सवयीने सकाळीच घातलेला ताजा चाफ्याचा हार खिळ्याला तसाच लटकत होता.

"इथे कुणाचा फोटो होता?" मादामनी विचारलं.

काका मान खाली घालून बसले. खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. आमच्या घराण्यात ते काम शिकलेल्या माणसांकडे असतं, म्हणून मी पुढे झालो.

"घड्याळ होतं," मी म्हणालो.

"घड्याळाला हार?"

"काकांची वेळेवर फार श्रद्धा आहे."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मादामनी मिस्येंकडे पाहिलं, मिस्येंनी चहाकडे पाहिलं. मुलगी बघायला गेलेल्या बाईला असा रिकामा हार दिसला की तिच्या मनात काय काय येत असेल याची कल्पना करा. मुलीचं आधी एकदा लग्न झालं होतं का? घरातलं कुणी फासावर गेलं का? बाई आवाज खाली आणून, अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "विचारते म्हणून राग मानू नका. तुमच्या घराण्यात कुणाला डोक्याचा काही त्रास वगैरे...?"

आणि नेमके त्याच क्षणी काका उठले. त्यांना मादामचा राग नव्हता आला, माझा आला होता, त्या घड्याळाचा. उजवा पाय पुढे गेला. मान फिरली, थांबली. डोळा नाकाकडे सरकला. अंगठा वर. मादाम भिवाजी खुर्चीसकट मागे सरल्या, अनिलच्या हातातली बशी पडली, आणि मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

डोळे उघडले तेव्हा वत्सला आतून ते चित्र घेऊन येत होती. तिने स्टूल ओढलं, वर चढली, चित्र जागच्या जागी टांगलं, हार सारखा केला आणि खाली उतरून म्हणाली, "बा, ह्येला गादीखाली दडवून माजं लगीन नको. बसा तुमी." मग अनिलकडे न बघता कडेला जाऊन उभी राहिली. पदराचं टोक तिने इतकं पिळलं होतं की त्याची दोरी झाली होती.

मी घसा साफ केला. माझ्याजवळ एका तासाचं व्याख्यान तयारच होतं. "त्याचं असं आहे, की जपानी रंगभूमीवर..." मी सुरू केलं. मिस्ये भिवाजींनी कचेरीतल्या पोऱ्याला थांबवावं तसा मला हात दाखवला. ते उठून चित्राजवळ गेले आणि चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत राहिले.

"हे कोण?" त्यांनी काकांना विचारलं, फ्रेंचमध्ये.

"माजा पणजा," काका मराठीत म्हणाले.

"हा जपानी आहे."

"ठावं हाय मला," काका म्हणाले. "जपानी हाय, नाटकातला हाय. ज्येनं मला दिला त्येनंच करून दाखवलं. आनी ह्या पोरानं बी मागनं स्वेटर घालून येऊन सांगितलं. मी येडा नाय, मादाम. पन माजा पणजा बोटीतनं उतरला तवा त्येचा फोटू कोन काडनार व्हतं? कुटं मेला, कुटं जाळला, कुनाला ठावं नाय. कसा दिसत व्हता त्ये माज्या बापाला बी म्हाईत नव्हतं. पितरांच्या दिवशी माजा बाप ह्या भितीकडं बगून हात जोडायचा. मी बी जोडलं, कैक वर्सं. भित काय बगत न्हाय आपल्याकडं. मंग ह्यो आला. ह्यो बगतो. म्हनून बसवला."

एवढं सलग बोलताना मी काकांना कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या खापरपणज्याबद्दल माझ्या मनात त्या दिवसापर्यंत एकच भावना होती, की तो जपानी नसावा. तो कसा दिसत असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मला एकदम फार गरम व्हायला लागलं, आणि ते स्वेटरमुळे नव्हतं.

मिस्ये भिवाजी चित्राकडे पाठ करून उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग बायकोकडे न बघता, मुलाकडे न बघता, आमच्या आज्या बोलायच्या तसल्या जुन्या खेडवळ मराठीत, अडखळत म्हणाले, "तुमच्याजवल... आनकी येक हाय काय?"

काकांना पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा ते धावत आत गेले आणि ती गुंडाळी घेऊन आले. चहाचे कप बाजूला सारून त्यांनी चित्रं जमिनीवर पसरली, आणि मिस्ये भिवाजी बूट काढून त्यांच्याशेजारी खाली बसले.

"तुमचा आजा कसा व्हता?" काकांनी विचारलं. "तापट का शांत?"

"न्हाय म्हाईत."

"बाप?"

मिस्येंनी चित्रांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "बाबा संध्याकालचा दारात बसायचा. असा." आणि टाय घातलेला तो निवृत्त कारकून एक गुडघा उभा करून, त्यावर हाताचा तळवा ठेवून, मान किंचित वळवून बसला. मादामनी तोंडाला पदर लावला. त्यांना हसू येत होतं की काय, असं मला आधी वाटलं.

काकांनी एक-एक चित्र उचलून बाजूला केलं. हा नको, ह्याच्या हातात कुणाचं मुंडकं आहे. हा नको, ही बाई आहे. मग त्यांनी एक चित्र निवडलं. फुललेल्या झाडाखाली एक सामुराई बसलेला, तलवार शेजारी ठेवलेली, एक गुडघा वर, नजर दूर कुठेतरी. "ह्यो घ्या," काका म्हणाले. "माज्या पणज्याच्या बोटीतला. एकाच बोटीतनं आलं दोगं."

मिस्ये भिवाजींनी ते दोन्ही हातांत धरलं. कागदाच्या एका कोपऱ्यावर पिवळसर डाग होता. त्यावरून त्यांनी हलकेच बोट फिरवलं आणि किती जुनं असेल, असं मला विचारलं. बऱ्याच वेळाने कुणीतरी मला काही विचारत होतं, म्हणून मी ताबडतोब सांगितलं की शंभर वर्षं तरी सहज, कागद जुना झाला की असा पिवळा पडतो. त्यांनी मान डोलावली. "अनिल," त्यांनी मुलाला हाक मारली, "हिकडं ये. तुज्या आज्याच्या पाया पड." अनिल तिखटाने लाल झालेल्या डोळ्यांनी आला आणि पाया पडला. पुढचं बोलणं मग बायकांनी केलं, आणि लग्नाचा महिनाही ठरवला.

गाडी गेल्यावर मी आणि काका ओट्यावर उभे होतो. काकी आणि वत्सला आत भांडी आवरत होत्या. मी काकांना म्हटलं, "कमाल आहे तुमची. बसण्याची ढब बरोबर ओळखून नेमकं चित्र काढलंत."

"ढब कसली रं," काका म्हणाले. "तसं बसल्यालं आनकी दोन हायत त्यात."

"मग हेच का दिलंत?"

काकांनी आत कानोसा घेतला आणि आवाज खाली आणला. "वत्सी ल्हान असताना त्येला जेवू घालायची. आदी त्येच्या त्वांडाला घास, मंग आपुन खायाची. त्यो डाग वरनाचा हाय, तिच्या बोटांचा. काकी आरडायची, पन मी कदी पुसला नाय."

माझी शंभर वर्षं वरणात बुडाली.

"तिकडं समदी फ्रेंच बोलनारी मानसं," काका रस्त्याकडे बघत म्हणाले. "माजी पोर एकटी जानार. तिला त्या घरात कुनीतरी वळखीचं नको का?"